तारेत घरची लाईन सोडू नका

सुगी तोंडावर आली की कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, आपल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात एकच विषय असतो. काल रात्री कुणाच्या भातात गवे उतरले, कुणाचा ऊस हत्तीनं लोळवला. जांबोटी, कणकुंबी, नेरसा, हेम्माडगा, कुठंही जा. आणि त्याच बोलण्यात दबक्या आवाजात आणखी एक गोष्ट येते: अमक्यानं बांधावरच्या तारेत करंट सोडलाय. आपल्याच माणसांशी बोलायचंय, म्हणून स्पष्ट लिहितो. हे थांबवा.

सौर कुंपण आणि ही तार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सौर कुंपणाच्या मशीनमधून हजारो व्होल्ट येतात, पण सेकंदाच्या अगदी बारीक भागापुरते, ठोके पडल्यासारखे. जनावर दचकतं आणि मागं फिरतं. घरचा २३० व्होल्टचा करंट अखंड वाहतो. ओल्या भातखाचरात उभ्या असलेल्या हत्तीची सोंड तारेला लागली की स्नायू आखडतात, त्याला मागं सरताच येत नाही. बॅटरी उतरली म्हणून सौर कुंपणालाच घरची लाईन जोडणारे महाभाग आहेत, ते तर सगळ्यात धोक्याचं, कारण बाहेरून बघणाऱ्याला ते साधं सौर कुंपणच वाटतं. थ्री फेज रात्रीची आली म्हणून अंधारात मोटार चालू करायला निघालेला शेजारी त्याच तारेला चिकटू शकतो.

हत्तीण साधारण बावीस महिने गाभण राहते आणि बहुधा एकच पिल्लू देते. दांडेलीपासून आपल्याकडं येणारे हत्ती आधीच मोजके. २००२ च्या सुमारास यांच्यातलेच काही पुढं दोडामार्ग, चंदगडकडं गेले. इतक्या लहान संख्येत एक मादी मेली तर ती भरून यायला वर्षं जातात. कायद्याचंही सांगतो: हत्ती आणि गवा दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्यातल्या पहिल्या अनुसूचीत आहेत, शिक्षा तीन ते सात वर्षं.

हे लिहिताना शेतकऱ्याचं दुखणं मला दिसत नाही असं कुणी समजू नये. कापणीला आलेलं भात गव्यांच्या कळपानं रात्रीत तुडवलेलं मी बांधावर उभं राहून बघितलंय. खातात त्यापेक्षा चिखलात जास्त जातं. लोंब्या खुरांखाली रुतलेल्या, पेंढाही गुरांपुढं टाकण्याजोगा राहत नाही. माळ्यावर बसून डबे वाजवा, सुतळी बॉम्ब लावा, चार दिवसांत गव्यांना त्याचीही सवय होते. भरपाईसाठी पंचनामा, उतारा, फोटो, आणि अर्ज कन्नडमध्ये. आमच्या म्हाताऱ्या माणसांनी तो कुणाकडून भरून घ्यायचा? वर्षाचं धान्य गेलेल्या माणसाला निसर्गप्रेमाचं प्रवचन देण्याचा अधिकार शहरात बसलेल्या कुणालाही नाही.

पण मग गवे खाली का येतात, हेही विचारायला हवं. आपल्याच तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटर. नकाशावर सगळं हिरवं दिसतं. आत जाऊन बघा त्या हिरव्यात काय आहे. गव्याला गवत लागतं, आणि जंगलातल्या मोकळ्या माळांवर रानमोडी अन् घाणेरी ही तणासारखी झुडपं माजलीत, त्यांना गवा तोंड लावत नाही. अभयारण्याबाहेर वर्षानुवर्षं अकेशिया आणि निलगिरी लावली गेली. लाकूड मिळालं असेल, खाली चारा उगवत नाही. फाल्गुन-चैत्रात वणवे लागतात, त्यातले बहुतेक माणसानंच लावलेले, आणि जळालेल्या जागेवर रानमोडीच आधी उठते. हत्तीला दिवसाला शंभर-दीडशे किलो चारा लागतो. त्याच्या वाटेवर रुंद झालेला गोव्याचा रस्ता, तो ओलांडला की जंगलाला चिकटून ऊस. गोड, रसाळ, दडायला जागा असलेला, उन्हाळ्यातही पाणी पाजलेला. तो तिथं थांबणारच!

अभयारण्यातल्या तळेवाडीसारख्या गावांतल्या लोकांना बाहेर यायला सांगितलं जातं, कुटुंबामागं पंधरा लाखांचं पॅकेज आहे. ज्यांना यायचंय त्यांनी यावं, पूर्ण पैसे हातात घेऊन यावं. मात्र माणसं उठवली म्हणजे जंगल सुधारलं, असं मला वाटत नाही. मोकळ्या झालेल्या त्या शेतांत गवत राखलं नाही तर तिथंही दोन पावसाळ्यांत रानमोडीच असेल.

म्हणून येत्या ग्रामसभेत गव्यांना गोळ्या घाला असं ओरडण्यापेक्षा लेखी मागणी करूया. रानमोडी मुळासकट काढून गवताचे माळ राखायचं काम रोजगार हमीतून गावालाच द्या. अकेशिया तुटेल तिथं जांभूळ, फणस, उंबर, बांबू लावा. सौर कुंपण एकट्यादुकट्याच्या शेताला न देता सलग शिवाराला द्या, कारण एकाचं कुंपण झालं की कळप दुसऱ्याच्या भातात जातो. भरपाईचा अर्ज मराठीतही ठेवा.

नेरसा, जांबोटी भागात कुणी गटानं सौर कुंपण केलं असेल, तर खर्च किती आला आणि बॅटरी किती टिकली ते खाली लिहा. आमच्या गावात यंदा करायचं चाललंय.