पट्टा बांधलाय, बोलू नका

ऑफिसात एक मेडिकल सर्टिफिकेट द्यायचं होतं, एवढ्यासाठी डॉक्टरांकडे गेलो होतो. डोंबिवली स्टेशनवरून तसाच दवाखान्यात, दोन जिने चढून. वर नंबर मोडून आत घुसणाऱ्या एका गृहस्थांशी माझे दोन शब्द झाले, त्यांचे चार झाले. मग माझी पाळी आली आणि डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. १५८/९६. डॉक्टर म्हणाले, "हं."

शाळेत बाई प्रगतिपुस्तक उघडून असंच "हं" म्हणायच्या.

"पण मला काहीच होत नाही," मी म्हणालो. "डोकं दुखत नाही, गरगरत नाही."

"तीच तर पंचाईत आहे. बीपी सांगून येत नाही." मग जरा समजुतीच्या सुरात, "पण हा दवाखान्यातला आकडा. आम्हाला बघूनच पुष्कळांचं वाढतं. मशीन घ्या, सात दिवस घरी मोजा. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. वहीत लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे मी धरणार नाही, बाकीच्यांची सरासरी काढू. घरी १३५/८५च्या आत हवं."

पुढे नियम. आधी अर्धा तास चहा नाही. लघवीला जाऊन यायचं. खुर्चीला पाठ टेकायची, तंगडीवर तंगडी नाही, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या पातळीत. "आणि मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं. कुणाशी बोलायचं नाही."

"घरी?" मी विचारलं.

मशीन चिरंजीवांनी ऑनलाइन मागवलं. पट्ट्यावर लिहिलं होतं, दंडाचा घेर २२ ते ३२ सेंटिमीटर. हिच्या शिलाईच्या टेपनं मोजला तर माझा ३४ भरला. तालमीत न जाता एवढा दंड, म्हणून मी जरा सुखावलो होतो. पण पट्टा तोकडा पडला तर आकडा उगाच फुगून येतो, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. मोठा पट्टा वेगळा मागवावा लागला. १८९६ साली इटलीत रिवा-रोची नावाच्या डॉक्टरनं हे पट्ट्याचं यंत्र काढलं तेव्हा दंडाला चक्क सायकलची ट्यूब गुंडाळली होती म्हणे. ती बरी, कुणाच्याही दंडाला पुरली असती.

पहिली सकाळ. साडेसहा वाजता खुर्ची, पाठ, पाय, दंड, सगळं जागच्या जागी. कोपराच्या खळगीवर दोन बोटं सोडून पट्टा बांधला आणि डोळे मिटले.

"अहो, दूध घेतलंत का आत?"

मी हातानंच 'नाही' म्हटलं. हात हलला. पुन्हा टेकवला.

"अरे, किती आलं?" आतून आई.

"अजून लावलंच नाहीये!" मी ओरडलो. म्हणजे बोललो. म्हणजे पाच मिनिटं पहिल्यापासून.

दुसऱ्या खेपेला बेल वाजली. कचरेवाला. तिसऱ्या खेपेला चिरंजीव अंघोळीहून आले आणि "बाबा, रिलॅक्स," असं इतक्या जोरात म्हणाले की मी दचकलो. अखेर बटण दाबलं. घुर्रर्र करत पट्टा असा आवळत गेला, की लोकलच्या दारात मागून गर्दीचा रेटा यावा. मग फुस्स. १४९/९२. मधल्या एका मिनिटात आईनं "तुझ्या बाबांचं पण असंच सुरू झालं होतं," एवढंच म्हटलं. दुसरं आलं १५६/९५.

वहीचं काम हिनं स्वतःकडे घेतलं. ही शाळेत शिक्षिका, समास आखल्याशिवाय पेन उघडत नाही. तारीख, वेळ, वरचं, खालचं, नाडी आणि शेवटचा रकाना 'शेरा'. तो रकाना डॉक्टरांनी सांगितला नव्हता. त्यातले काही शेरे असे: 'सोमवार संध्या. पापड खाल्ले. विचारल्यावर एकच म्हणाले, दोन होते.' 'मंगळवार संध्या. टीव्हीवरची चर्चा.' 'गुरुवार सकाळ. सोसायटीची मीटिंग आज रात्री आहे हे आठवलं.' 'शुक्रवार संध्या. आत्यांचा फोन लागला नाही. १३२/८४.'

सरासरी आली १४६/९१. डॉक्टरांनी सकाळची एक छोटी गोळी लिहून दिली आणि बजावलं, "आकडा उतरला म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही. उतरेल तो गोळीमुळेच. आणि मीठ कमी, चालणं सुरू, डोकं शांत." शेरे वाचून मात्र ते मोठ्यांदा हसले. माझ्या बीपीवर हसलेले ते पहिलेच.

मिठाचं सांगतो. माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा. हिनं सकाळीच चौघांचे चार चमचे वाटीत काढून ठेवले आणि डबा माळ्यावर टाकला. दुपारची आमटी-भाजी होईतो वाटीचा तळ दिसू लागला. आणि हे फक्त वाटीतलं. माळ्यावर न गेलेलं मीठ घरभर पसरलेलं निघालं. लोणच्यात, खारवड्यांत, सांडग्यांत, फरसाणात, सकाळच्या पावात, संध्याकाळच्या खारीत. पापडात तर मीठ वेगळं आणि पापडखार वेगळा. हे मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, पाण्यानं रक्ताचा पसारा वाढतो आणि नळ्यांवर जोर येतो. तीस वर्षं मी पानाच्या डाव्या बाजूवर जेवलो, आता माझं रक्त खाल्ल्या मिठाला जागत होतं.

आईनं तोडगा काढला. "सैंधव घाल की. उपासाला चालतं ते." पण ते उपासाला चालतं, बीपीला नाही. त्यातही बहुतेक सगळं तेच सोडियम. बाजारात पोटॅशियमवालं मीठ मिळतं, तेही मूत्रपिंडाची तपासणी झाल्याशिवाय घेऊ नका म्हणाले. शेवटी उपयोगी पडली ती कोकम, लिंबू आणि लसणीची फोडणी. पहिले पंधरा दिवस आमटी म्हणजे हळदीचं पाणी. नंतर जीभ सरावली. महिन्यानं एका लग्नात पंगतीतली मठ्ठ्याची पहिली वाटी तोंडाला लावली आणि समुद्रात पडल्यासारखं झालं.

बीपी आहे म्हटलं की सगळं गाव डॉक्टर. कुणी लसूण उपाशीपोटी, कुणी दुधीचा रस. तळमजल्यावरच्या काकांनी तर कागदाच्या पुडीत सर्पगंधेची मुळीच आणून दिली. "शास्त्रात आहे!" डॉक्टरांना दाखवली, तर ते उलट खुलले. शास्त्रात खरोखरच आहे म्हणाले. आपल्या मुंबईच्याच डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ साली एका ब्रिटिश मासिकात लेख लिहून सर्पगंधेनं बीपी उतरतं हे जगापुढे मांडलं, पुढे तिच्यातून औषधही निघालं. "मग घेऊ?" "नको. मन खचतं त्यानं काहींचं. शिवाय मुळी उगाळताना मात्रा कोण मोजणार, काका?" पुडी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. काका दर आठवड्याला विचारतात, गुण आला का. मी मान डोलावतो. खोटं बोललं तरी बीपी वाढत असणार, पण काकांना खरं सांगितलं तर त्याहून वाढेल.

चालणं मात्र जमलं. आठवड्याचे पाच दिवस, अर्धा अर्धा तास, भागशाळा मैदानावर. तिथे बीपीवाल्यांचा एक कंपूच आहे. सगळे भरभर चालतात, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. तसं कुणी म्हणतही नाही, पेन्शनवर बोलतात. चालून झाल्यावर वडापावच्या गाडीपाशी पाय आपोआप मंदावतात. आम्ही फक्त वास घेतो. निदान मी तरी. वहीत अजून तसा शेरा नाही.

डोकं शांत ठेवायचं कलम तेवढं राहिलं होतं. मोबाइलमध्ये एक ॲप घेतलं. त्यातली बाई हळूच श्वास घ्या म्हणायची आणि सोडा म्हणायच्या आत जाहिरात लागायची. ते काढून टाकलं. आणि मग एक शोध अचानक लागला.

एका रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीच्या गळतीचा विषय घेऊन दारात उभे. मी खुर्चीत, दंडाला पट्टा, डोळे मिटलेले. ही धावत पुढे गेली. "श्श! पट्टा बांधलाय. बोलू नका त्यांच्याशी." सेक्रेटरी चपला न काढता परत गेले. आई आतल्या खोलीत गेली. चिरंजीवांनी टीव्ही बंद केला. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. आमच्या पंख्याला आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून मी मोजण्याच्या वेळा सोडूनही बसतो. नुसता पट्टा बांधायचा. बटण दाबायचं नाही. विजेचं बिल कुणी भरायचं हा विषय निघाला, बांधला. आत्यांचा फोन आला, बांधला. तीन महिन्यांत आकडा १२८/८२वर आला. डॉक्टर म्हणाले, गोळी, मीठ, चालणं. मी आणखी काही बोललो नाही.

परवा संध्याकाळी असाच बसलो होतो. ही शाळेतून आली, पर्स टाकली. ओट्यावर भांडी, आईची औषधं द्यायची, चिरंजीव "आई, खायला काय" म्हणतायत, पेपरांचा गठ्ठा तपासायचा. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"झालं असेल तर द्या इकडे."

मी पट्टा सोडला. तिनं खुर्ची घेतली, पाठ टेकली, पाय सरळ ठेवले, दंडाला पट्टा गुंडाळला आणि डोळे मिटले. दोन मिनिटं झाली, पाच झाली, सात झाली. मशीन गप्पच.

"अगं, बटण दाबायचं राहिलं," मी म्हणालो.

"माहितीये," डोळे न उघडता ती म्हणाली. "बोलू नका."