कोल्ड ब्रूमध्ये कॅफीन नसते? खुलासा

कोल्ड ब्रू म्हणजे गार पाण्यात पूड तासन्‌तास भिजवून केलेली कॉफी. ‘गार पाण्यात कॅफीन उतरत नाही, म्हणून कोल्ड ब्रू रात्री उशिराही चालते,’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

उकळत्या पाण्यात कॅफीन झपाट्याने विरघळते, हे खरे. पण 25 अंश सेल्सिअसच्या 1 लिटर पाण्यातही सुमारे 20 ग्रॅम कॅफीन मावते. अरेबिका जातीच्या 100 ग्रॅम कॉफी पुडीत ते असते जेमतेम सव्वा ग्रॅम. रोबस्टा या दुसऱ्या जातीत साधारण दुप्पट. म्हणजे पाणी कमी पडत नाही, फक्त वेळ जास्त लागतो. तो तर आपण देतोच: 12 ते 18 तास.

खरी गफलत प्रमाणात होते. 100 ग्रॅम जाडसर, रव्यासारखी दळलेली पूड आणि 800 मिली पाणी घेतले, की गाळल्यावर साधारण 600 मिली अर्क मिळतो, कारण उरलेले पाणी चोथाच धरून ठेवतो. हा अर्क तसाच पिण्यासाठी नसतो. तितकेच पाणी किंवा दूध घालूनच घ्यावा. बिनपाण्याचा पेलाभर अर्क म्हणजे नेहमीच्या गरम कपापेक्षा कितीतरी जास्त कॅफीन.

गैरसमज बहुधा चवीमुळे होत असावा. गार पाण्यात आंबट-कडू घटक कमी उतरतात, कॉफी मऊ लागते आणि सौम्य वाटते. तरीही कडू झालीच, तर दळण बारीक आहे. पुढच्या वेळी जाड करा, तास कमी करण्याआधी. आणि झोपेची काळजी असेल तर कॅफीन काढलेल्या बियांची पूड वापरा, कृती हीच.