सगळं लिनक्समुळे

आमच्या ऑफिसात जे काही बिघडतं ते लिनक्समुळे बिघडतं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि ती सांभाळतो मी. प्रिंटरमध्ये कागद अडकला, लिनक्समुळे. अकाउंट्सच्या मॅडमचा माउस मेला, लिनक्समुळे. माउसच्या बॅटऱ्या संपल्या होत्या हे नंतर कळलं, पण तोवर नाव बद्दू व्हायचं ते झालं होतं. मागच्या पावसाळ्यात पॅन्ट्रीत गळायला लागलं तेव्हा साहेबांनी केबिनमधून डोकं बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. बोलले काही नाहीत.

वास्तविक टिळक रोडवरच्या आमच्या या बांधकाम सल्लागारांच्या ऑफिसात लिनक्सवाला सर्व्हर आहे एकच. स्टोअररूममध्ये, गणपतीच्या मखराखाली. (मखर थर्माकोलचं आहे. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, त्याच्या आधीचं. टाकवत नाही.) त्या सर्व्हरवर सांबा हे फायली वाटून देणारं सॉफ्टवेअर चालतं. ड्रॉइंगवाल्या पोरांचे विंडोजचे पीसी, साहेबांचा मॅक आणि अकाउंट्समधला कपाटाएवढा कॉपियर या सगळ्यांना एका फोल्डरात नांदवायचं काम त्याचं. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन माणसाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सांबा लिहायला घेतलं, तेव्हा पलीकडची यंत्रं आपापसात काय बोलतात हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तारेवरचं बोलणं चोरून ऐकत तो ती भाषा शिकला. आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांना निम्म्या बातम्या याच पद्धतीने कळतात.

तर कॉपियर. तो इतका जुना आहे की त्याला एसएमबीची, म्हणजे फायली देण्याघेण्याच्या त्या भाषेची, पहिली आवृत्तीच येते. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, ब्रिटनमधली हॉस्पिटलं अडली, ते याच वाटेने. नव्या सांबात ही वाट मुळातच बंद असते. मी ती बंदच ठेवली आणि कॉपियर स्कॅन केलेला कागद पोटात धरून बसला.

"अहो, पण आपल्याकडे कोण येणार आहे घुसायला? आणि आपल्याकडे आहे काय?" मॅडम म्हणाल्या. त्यांच्या स्क्रीनवर तेव्हा, अजून न भरलेल्या एका टेंडरचे आमचे दर उघडे होते.

शेवटी कॉपियरला वेगळं व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कातली वेगळी खोली, दिलं. तो एफटीपी या फायली पाठवायच्या जुन्या पद्धतीने एकाच फोल्डरात कागद टाकतो, बाकी कुणाशी त्याला बोलता येत नाही. "वाळीत टाकलंत बिचाऱ्याला," असं मॅडमचं म्हणणं. महाराष्ट्रात वाळीत टाकण्याविरुद्ध २०१६चा कायदा आहे, पण तो माणसांपुरता आहे, हे मी बघून ठेवलंय.

खरी करमणूक झाली ती एका सोमवारी. निम्म्या ऑफिसचं नेट गेलं. निम्म्या म्हणजे कसं, तर एका पीसीवर आहे, शेजारच्यावर नाही, आणि त्याच्या पलीकडच्यावर आत्ता चहाला उठेपर्यंत होतं. अशा वेळी सगळे एका सुरात विचारतात, "रीस्टार्ट करू का?" आणि उत्तराची वाट न बघता करतात. गंमत अशी, की जो रीस्टार्ट करी त्याचं चालू असलेलंही जाई. दुपारपर्यंत नेट फक्त आळशी लोकांकडे उरलं.

बंद पडलेल्या एका पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता पाहिला. आमचे पत्ते १०.२० ने सुरू होतात, याचा निघाला १९२.१६८.०. म्हणजे ऑफिसात दुसरंच कुणीतरी पत्ते वाटत बसलं होतं. पत्ते वाटण्याच्या या कामाला डीएचसीपी म्हणतात. पद्धत साधी आहे. पीसी जागा झाला की "पत्ता द्या हो" म्हणून हाक मारतो आणि सहसा जो आधी ओ देईल त्याचा होऊन जातो. आमचा सर्व्हर पडला सरळमार्गी. पत्ता देण्यापूर्वी तो आधीच कुणी वापरत नाही ना, हे पिंग करून, म्हणजे त्या पत्त्यावर हाक मारून, बघतो. तेवढ्यात हा उपटसुंभ पत्ता देऊन मोकळा.

त्या तोतयाचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे यंत्राला कारखान्यातूनच मिळणारा नंबर, घेतला. (साहेबांच्या मॅकचा याच्याशी संबंध नाही. हे साहेबांना सांगण्यात बराच वेळ गेला.) सगळ्या केबल जिथे एकत्र येतात त्या स्विचच्या तक्त्यात तो सतरा नंबरच्या पोर्टावर दिसला. पॅचपॅनेलवर, म्हणजे केबल जोडायच्या फळीवर, सतराच्या खाली चिकटवलेल्या कागदावर पेनाने 'साहेब' लिहिलेलं, ते खोडून 'जिना', तेही खोडून 'नवीन साहेब'. आमच्या ऑफिसचा एवढा खरा इतिहास दुसरीकडे कुठे लिहिलेला नाही. मग स्टुलावर चढून फॉल्स सीलिंगच्या फटीतून टॉर्च मारत केबलमागे निघालो. केबल ड्रॉइंगवरून गेली, पॅन्ट्रीवरून वळली आणि थेट केबिनमध्ये उतरली.

साहेब फोनवर होते. क्लायंटला सांगत होते, "काय आहे ना, आमच्याकडे लिनक्स आहे, त्यामुळे आज जरा..." आणि त्यांच्या डोक्यामागे कपाटावर, रोटरीच्या स्मृतिचिन्हाला टेकून, एक छोटा पांढरा राउटर हिरवा दिवा लुकलुकवत बसला होता. केबिनमध्ये मोबाइलला रेंज येत नाही म्हणून शनिवारी त्यांच्या भाच्याने तपकीर गल्लीतून आणून लावला होता. केबल वॅनच्या (बाहेरच्या नेटच्या) भोकात घालायची ती लॅनच्या (आतल्या नेटवर्कच्या) भोकात घातली होती. वायफायचा पासवर्ड होता एक ते आठ आकडे, ओळीने. खालच्या अमृततुल्यात बसून ते वायफाय फोनवर पूर्ण दांड्यांनी येत होतं. मी स्वतः जाऊन खात्री केली. चहाही घेतला.

"म्हणजे लिनक्समुळे नाही?" साहेबांचा आवाज थोडा उतरला.

"नाही साहेब."

"पण मग लिनक्सने हे अडवायला नको का?"

अडवायला हवं होतं, पण ते काम स्विचचं. डीएचसीपी स्नूपिंग येणारा स्विच असता, तर त्याने असल्या तोतयाचं उत्तर जागीच गिळलं असतं. आमच्या स्विचला ते येत नाही. ज्याला येतं त्याचं कोटेशन साहेबांच्याच टेबलावर काचेखाली होतं, भाच्याच्या लग्नपत्रिकेच्या शेजारी.

बाहेरच्यांचं म्हणाल तर त्यांचा मला तितका त्रास नाही. बाहेरून काम करणाऱ्यांसाठी एसएसएचचं, म्हणजे लांबून सर्व्हरवर लॉगिन करायचं, दार उघडं आहे, आणि ऑथ लॉग, म्हणजे लॉगिनच्या नोंदींची वही, उघडला की रात्रभर कोण कोण ते वाजवून गेलं ते दिसतं. रूट (सर्व्हरचा सर्वाधिकारी) आहे का? अ‍ॅडमिन आहे का? ओरॅकल, पोस्टग्रेस, टेस्ट, यांपैकी कुणी आहे का घरात? मी पासवर्डने आत येणं बंद केलं, चावीची फाइल असेल त्यालाच प्रवेश. रूटला तर चावी असूनही नाही. पुन्हा पुन्हा चुकणाऱ्याला बाहेर काढणारं फेलटूबॅन बसवलं. आणि दार वाजवणाऱ्याला दिसेल असा फलक लावला, शेवटी आपण पुण्यात राहतो: 'येथे रूट नावाचे कोणी राहत नाही. पासवर्ड विचारला जात नाही, सांगू नये. पाच वेळा चुकल्यास बाहेर काढण्यात येईल. शेजारी चौकशी करू नये.'

लॉग बघून साहेब अस्वस्थ झाले. "एवढे लोक? ओळखीचे आहेत का?"

पुढच्याच रविवारी फेलटूबॅनने साहेबांनाच बाहेर काढलं. घरच्या कॉम्प्युटरवरच्या त्यांच्या प्रोग्रॅमने जुना पासवर्ड लक्षात ठेवला होता आणि तो एकटाच नेटाने पुन्हा पुन्हा पाठवत होता. फोन आला. "अरे, मला काढून टाकलंस?" मालकाला असं विचारावं लागतंय, हे ऐकायला बरं वाटलं, नाही म्हणत नाही. चावी करून देतो म्हटलं, तर म्हणाले, "चावी लोकांना दे. माझ्यापुरता पासवर्ड चालू ठेव."

२०२४च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएचच्या लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. तेवढ्यावरून तो खणत गेला आणि एक्सझेड या फायली आवळून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी पद्धतशीर लपवलेलं चोरदार सापडलं. आमच्याकडे अर्धा दिवस उशीर झाला तरी जेवणाची सुट्टी लांबली असं समजतात.

वेळेचंच निघालं म्हणून. साहेबांच्या मॅकचं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे असायचं. मीटिंगला वेळेत पोचण्याचा उपाय. घड्याळ पुढे आहे हे माहीत असल्याने ते मनात दहा मिनिटं वजा करत आणि उशिराच पोचत. पण आमच्या लॉगिनमागे कर्बरॉस हा ओळख तपासून तिकीट देणारा पहारेकरी आहे, आणि घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक दिसला की तो तिकीट नाकारतो. "माझ्याच कंपनीत मला?" हा प्रश्न याही वेळी आला. मग मी सरकार पुढे केलं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२चे निर्देश आहेत: घड्याळं एनआयसीच्या (नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या) किंवा दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या वेळेशी जुळवायची, लॉग १८० दिवस जपायचे, काही घडलं तर ६ तासांत कळवायचं. दिल्लीचं नाव निघाल्यावर साहेबांनी घड्याळ जुळवलं. भिंतीवरचं मात्र अजून पुढेच आहे.

पासवर्डांचं थोडक्यात सांगतो. दर तीन महिन्यांनी बदला असा ऑफिसचा जुना नियम. म्हणून लोक ओळीने संक्रांत, पाडवा, गणपती, दिवाळी असे पासवर्ड ठेवत, पुढे साल. कालनिर्णय हाती असलेला कुणीही आत आला असता. निस्ट या अमेरिकेच्या मानक संस्थेनेही २०१७ साली सांगितलं, की उगीच मुदतीवर पासवर्ड बदलायला लावू नका, लांब ठेवायला सांगा. मी नियम काढला. मॅडम हळहळल्या, "छान सणावाराने चाललं होतं हो."

आणि मग एका मोठ्या क्लायंटचा सुरक्षा तपासनीस आला. हातात प्रश्नावली. फायरवॉल, बॅकअप, अपडेट, सगळं झालं. मग म्हणाला, सर्व्हर प्रत्यक्ष दाखवा.

स्टोअररूमची किल्ली आमच्या शिपाईमामांकडे. किल्ली हवी तर रजिस्टरमध्ये सही, वेळ, कारण. मीही त्यातून सुटत नाही. मागची पानं चाळली तर नोंदी अशा: 'साहेब, आत ११.१०, बाहेर ११.१२, आकाशकंदील.' 'मॅडम, आत ४.०५, बाहेर ४.३०, फोनवर बोलणे.' जुनी रजिस्टरं सुतळीने बांधून कपाटावर. १८० दिवस कसले, मामांकडे त्यांच्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनचा लॉग आहे.

"यादीत नाव नाही," मामा तपासनिसाला म्हणाले.

मी मध्ये पडलो. मामांनी मलाच सुनावलं, "यादी तुम्हीच दिलीत ना? मग बदल लिहून द्या, साहेबांची सही आणा." साहेब बाहेरगावी होते. तपासनिसाने दाराच्या जाळीतून मखराकडे आणि खालच्या दिव्यांकडे पाहिलं, प्रश्नावली भिंतीला टेकवली आणि प्रत्यक्ष प्रवेश नियंत्रणाच्या रकान्यात 'अतिशय समाधानकारक' असं लिहिलं. मामांनी त्याचीही सही घेतली. कारणाच्या जागी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'आत गेले नाहीत.'