हरिकेनमधली दुसरी जागा

दुसरे महायुद्ध आमच्या नानांनी जिंकले, याबद्दल घराण्यातल्या लग्नकार्यांत तरी दुमत नसते. आजोबांचे हे धाकटे बंधू १९४४ साली इंफाळला, भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनमध्ये होते आणि स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या पाठीमागे बसून जपान्यांवर बॉम्ब टाकत होते, असे थोरले काका पंगतीत सांगतात. हरिकेन विमानात जागा एकाचीच असे, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले, तेव्हा दुसरी जिलेबी वाढून घेत ते म्हणाले, "नाना अंगाने बारीक होते."

काकांचा पुरावा म्हणजे नानांचा एक फोटो. त्यांच्या बाहीवर दोन पात्यांचा पंखा आहे, आणि पंखा आहे म्हणजे विमान चालवणे आलेच, असा काकांचा सिद्धान्त आहे. वास्तविक वैमानिकाचे पंख छातीवर असत. बाहीवरचा प्रोपेलर ही लीडिंग एअरक्राफ्टमन या, अधिकाऱ्यांच्या खालच्या हुद्द्याची खूण होती. फोटो मोठा करून पाहिला, तर नानांच्या हातात चक्क पाना निघाला. "वाटेत काही बिघडले तर?" असे काकांनी मलाच विचारले.

मग मी एका कार्यालयाला पत्र धाडले. सेवाक्रमांक कळवल्यास नोंद शोधता येईल, असे नम्र उत्तर आले; सेवाक्रमांक अर्थातच त्या नोंदीत होता. स्क्वाड्रनची रोजनिशी, म्हणजे फॉर्म ५४०, चाळली. कोणता वैमानिक कशासाठी उडाला आणि हवामान कसे होते, हे सारे तीत आहे. इंजिन कोणी खोलले, हे विचारण्याची सोय तेवढी नाही. ढगांचासुद्धा उल्लेख आहे, नानांचा नाही, याचा मला काकांइतकाच राग आला.

कारण मार्चअखेरीस जपान्यांनी कोहिमाचा रस्ता तोडल्यापासून २२ जूनपर्यंत इंफाळला सगळा पुरवठा विमानांनीच होत होता, आणि त्या पावसाळ्यात हरिकेनचे बारा सिलिंडरांचे मर्लिन इंजिन सुरू ठेवणे हे फिटरचे काम होते, सांगाडा रिगरचा आणि तोफा आर्मररच्या. काम झाल्यावर हे सारे फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदीवर, सह्या करत आणि त्या पाहून स्वतःची सही केल्याखेरीज वैमानिक विमान ताब्यात घेत नसे. म्हणजे नानांच्या सहीवाचून हरिकेन जागचे हलत नव्हते.

प्रशिक्षणाबद्दल मात्र खुद्द नानांची साक्ष सापडली. कराचीच्या ड्रिग रोडवरून, जिथे विमानदुरुस्तीचे मोठे केंद्र होते, त्यांनी १९४२ मध्ये आजोबांना कार्ड लिहिले होते: "रोज इंजिन खोलतो व पुन्हा जोडतो. हल्ली शेवटी फारसे नट उरत नाहीत."

एवढ्या पुराव्यानंतर काका नमले. गेल्या महिन्यातल्या मुंजीत त्यांनी सुधारित हकीकत सांगितली: नाना विमान चालवत नव्हते, हे खरेच आहे, ते पंखावर बसून उडत्या विमानाची दुरुस्ती करत असत.