खुलासा : मालिश करा, पण बाळाच्या नाकात तेल घालू नका

“अंघोळीआधी बाळाच्या नाका-कानात दोन-दोन थेंब तेल सोडा, बाळाची छाती दाबून दूध काढा, नाहीतर गाठ होते” असा मेसेज बाळंतिणींच्या ग्रुपांवर फिरतोय. मागच्या आठवड्यात तो मीही पुढे पाठवला. चुकलं माझं. पुतणीला लस द्यायला नेलं तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी नीट समजावलं.

नाकात सोडलेलं तेल फुप्फुसात उतरू शकतं आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. कानातही काही घालायचं नाही. छातीची सूज आईच्या संप्रेरकांमुळे येते, मुलग्यांनाही येते आणि बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते. दाबलं तर जंतुसंसर्ग होऊन पू धरू शकतो.

मालिश मात्र बंद करू नका. तळहातावर थोडं कोमट खोबरेल, हलका हात. बाळ तोंड फिरवू लागलं, कुरकुरलं की थांबायचं.

वेळेआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळाला तर उघड्या छातीशी धरणं फार मोलाचं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस इन्क्युबेटर अपुरे पडत होते, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ही कांगारू पद्धत सुरू केली. आता जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगते की जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, दिवसाचे ८ ते २४ तास बाळाला असं धरावं. आई थकली तर बाबांनी, आजीने धरावं.

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात त्यांना हे कळवा, मालिशवाल्या मावशींनाही प्रेमाने सांगा.