शिर्के नीट छापून येतील का?

गेल्या गणपतीत पंधरा दिवसांसाठी सांगलीला गेलो होतो. विश्रामबागेत एका संध्याकाळी आम्ही चार जुने वर्गमित्र चहाला जमलो आणि अडीच तास एकाच विषयावर बोलत राहिलो. विषय निघाला तो त्यांच्यापैकी एकाच्या मामांमुळे. मामांची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. दुकानातल्या हिशेबाचा प्रोग्रॅम २००१ साली मिरजेच्या एका गृहस्थांनी व्हिज्युअल फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस-साधनामध्ये लिहून दिला होता, आणि जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये त्यांनीच तो दुरुस्तही करून दिला होता. आता ते सत्तरीच्या पुढे गेले आहेत, डोळ्यांनी नीट दिसत नाही, आणि त्यांनी मामांना स्वच्छ सांगितले आहे की पुढच्या हंगामापासून दुसरी सोय बघा. तेव्हा नवा प्रोग्रॅम कशात करावा, एवढाच मित्राचा प्रश्न होता.

पुढचे अडीच तास त्या प्रश्नाच्या वाट्याला आले. हिंजवडीत अठरा वर्षे डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेवर काम केलेल्या मित्राने ताबडतोब डॉटनेट सुचवले. दुसराही हिंजवडीतलाच, पण जावा या भाषेतला. त्याने डॉटनेट म्हणजे विंडोजच्या दावणीला बांधून घेणे, हा पंधरा वर्षांपूर्वीचा मुद्दा काढला, त्यावर २०१६ पासून डॉटनेट कोअर लिनक्स या विंडोजला पर्यायी प्रणालीवरही चालते आणि मुक्त स्रोत (म्हणजे कोणालाही वाचता-बदलता येण्याजोगे) आहे, हे पहिल्याने ऐकवले. शिवाय जावा बनवणारी सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलच्या ताब्यात गेल्यापासून जावाच्या परवान्यांचे काय झाले, हेही ऐकवले. मामांचा भाचा असलेला मित्र स्वतः पायथन या भाषेचा भक्त. "आरं, जँगोत ह्ये दोन आठवड्यात हुतंय," हे त्याचे पालुपद; जँगो म्हणजे पायथनमधली वेबचे प्रोग्रॅम बांधायची तयार चौकट. त्याचा धाकटा भाऊ अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोठ्यांच्या बोलण्यात फट मिळाल्यावर त्याने जावास्क्रिप्ट भाषेवरच्या नोड आणि रिअ‍ॅक्टची बाजू मांडली, आणि शेतकऱ्यांसाठी फ्लटरमध्ये मोबाइल अ‍ॅपही करून टाकू म्हणाला. मीही गप्प बसलो नाही. डेटाबेस पोस्टग्रेसच असला पाहिजे, यावर मी वीस मिनिटे बोललो असेन. सांगितलेली माहिती बहुतेक बरोबर होती आणि कोणीही कोणाला फसवत नव्हते. मामांना मात्र कोणी फोन केला नाही.

मी तेरा वर्षे म्युनिकमध्ये राहतो आणि असे वाद तिथेही रोज ऐकतो, पण तिथला वाद इतका नीरस असतो की सांगलीतली ती संध्याकाळ मला मेजवानीसारखी वाटली. आमच्या कंपनीत यंत्रांच्या सुट्या भागांच्या मागणीची एक प्रणाली अँग्युलरजेएस या वेबच्या फ्रेमवर्कवर (तयार चौकटीवर) उभी होती. त्या फ्रेमवर्कचा आधार, म्हणजे त्याच्या निर्मात्यांकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या, ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपणार, हे जाहीर झाले, तेव्हा पुढे कुठे जायचे, हे ठरवायला आम्हाला पाच महिने लागले. पर्याय तिघांनी लेखी मांडले, प्रत्येकाला त्यातला आपल्या पसंतीचा पर्याय कुठे कमी पडेल, तेही लिहावे लागले, आणि प्रत्येक बैठकीत एक वयस्कर सहकारी तोच प्रश्न विचारत राहिला: २०३५ मध्ये हे कोण सांभाळणार? पहिल्या दोन बैठकांत मला तो माणूस कटकट्या वाटला. पुढे लक्षात आले, की त्या खोलीतल्या प्रत्येकाला आपण निवडलेल्या गोष्टीबरोबर बरीच वर्षे राहायचे होते. रात्री प्रणाली बंद पडली तर फोन त्यांनाच येणार होता. असा फोन येणार असेल, तर माणूस आवाज चढवून बोलत नाही.

आमच्याकडे हा फोन दुसऱ्यालाच येत आला आहे. मी सांगलीत शिकलो, तेव्हा प्रयोगशाळेत टर्बो सी प्लस प्लस या प्रोग्रॅम लिहायच्या साधनाचा निळा पडदा होता. ते साधन डॉसच्या काळातले. सी प्लस प्लस भाषेचे प्रमाण रूप १९९८ मध्ये ठरले होते, तरी आम्ही त्याआधीच्या चालीचे प्रोग्रॅम परीक्षेपुरते पाठ करत होतो आणि पुण्यात पहिल्या नोकरीत तोच प्रोग्रॅम लिनक्सवरच्या, प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या जीसीसीने नाकारला, तेव्हा माझा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आम्ही काय शिकायचे, हे अभ्यासक्रमाने ठरवले. नोकरीत कशावर काम करायचे, ते पुण्यातल्या क्लासच्या पाट्यांनी आणि शेवटी अमेरिकेतल्या नाही तर युरोपातल्या गिऱ्हाइकाने ठरवले. कॉलेजच्या बाहेरही फार वेगळे नव्हते. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी केलेल्या लाखो लोकांच्या मनात संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस हे समीकरण पक्के झाले. (त्यातले एमएस म्हणजे महाराष्ट्र स्टेट; मी बरीच वर्षे मायक्रोसॉफ्ट समजत होतो.) केरळने आपल्या सरकारी शाळांत लिनक्स नेले, ते योग्य होते की नाही यावर दुमत असू शकेल, पण तिथे निदान कोणीतरी निवड केली होती.

जे आपण निवडलेले नसते, पण ज्यावर आपले घर चालते, त्याच्याविषयी माणूस तटस्थ राहू शकत नाही. डॉटनेटला कोणी नावे ठेवली, की माझ्या मित्राला ती आपल्या अठरा वर्षांना ठेवल्यासारखी वाटतात, कारण त्याचा पगार, त्याचा फ्लॅटचा हप्ता आणि लग्नाच्या वेळी सांगितलेली त्याची ओळख, हे सगळे त्या एका शब्दाला टांगलेले आहे. मला यात हसण्यासारखे काही दिसत नाही. तक्रार इतकीच, की ज्या वेळी निवड खरोखरच आपल्या हातात असते, त्या वेळीही आपण तशाच आवेशाने भांडतो. मामांच्या प्रोग्रॅमला परदेशी गिऱ्हाईक नव्हते, मधला व्यवस्थापक नव्हता, कंपनीचे धोरण नव्हते. यार्डातले एक दुकान होते आणि ते वापरणारी तीन माणसे होती. इतकी मोकळीक आमच्यापैकी कोणालाही नोकरीत कधी मिळाली नव्हती, आणि आम्ही ती आपापल्या कंपनीची वकिली करण्यात घालवली.

इथे कोणी म्हणेल, की परदेशात राहणाऱ्यांना तिकडचे सगळेच शहाणपणाचे वाटते. तसे वाटू नये, यासाठी मी राहतो ते शहरच पुरेसे आहे. म्युनिकच्या नगरपरिषदेने २००३ मध्ये आपले सगळे संगणक विंडोजवरून लिनक्सवर नेण्याच्या बाजूने मत दिले. तो निर्णय होऊ नये म्हणून मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर सुट्टी अर्धवट टाकून महापौर क्रिस्टियान ऊडे यांना भेटायला आले होते, हे इथे अजूनही चवीने सांगतात. लिमक्स नावाची ती योजना रडतखडत चालली आणि २०१३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा सुमारे १५ हजार संगणक नव्या व्यवस्थेवर आले होते. पत्रे आणि अर्ज यांच्या साच्यांसाठी वोलमक्स नावाचे साधन शहराने स्वतः लिहून घेतले आणि ते सर्वांना मोकळे करून दिले. मग महापौर बदलले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे जर्मनीतले मुख्यालय शहराच्या हद्दीत आले. २०१७ मध्ये नगरपरिषदेने परत विंडोजकडे जायचे ठरवले, आणि २०२० मध्ये सत्तेवर आलेल्या नव्या आघाडीने जनतेच्या पैशाने लिहिलेले सॉफ्टवेअर शक्य तिथे जनतेसाठी खुले असावे, असे करारात लिहून घेतले. आता उत्तरेकडच्या श्लेस्विग-होलस्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार सरकारी संगणकांवर मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी लिबरऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर आणायचे जाहीर केले आहे, म्हणजे चक्र दुसऱ्या ठिकाणी नव्याने सुरू झाले.

या प्रकरणाचा दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने दाखला देतात. लिनक्स कार्यालयात चालत नाही, हे त्यातून सिद्ध होते, असे एक म्हणतो. मायक्रोसॉफ्टने राजकारण केले, असे दुसरा म्हणतो. मी त्या शहरात कर भरतो, त्यामुळे मला तिसरीच गोष्ट दिसते. नगरपालिकेचे संगणक खाते अनेक विभागांत विखुरलेले होते, एका विभागाचा साचा दुसऱ्यात उघडत नव्हता, आणि कारकुनाची तक्रार नेमकी कोणाकडे जायची, हे ठरलेले नव्हते. हे दुखणे विंडोजच्याही आधीचे होते आणि लिनक्सच्याही नंतर राहिले. लेखी चर्चा, अहवाल, बैठका, सगळे काही असूनही ज्या प्रश्नाला हात घालायचा तो बाजूलाच राहू शकतो, हे मला जर्मनांनीच शिकवले. काटेकोरपणा सोबत घेऊनही माणूस चुकीच्या गावाला पोहोचू शकतो. (याच देशात मी अलीकडेपर्यंत एका कार्यालयाला फॅक्स पाठवत होतो, हेही सांगून टाकतो.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मित्राबरोबर मामांच्या दुकानात गेलो. वखारीतला हळदीचा वास कपड्यांना लागला तो म्युनिकपर्यंत टिकला. दिवाणजींनी प्रोग्रॅम उघडून दाखवला. सौद्यात माल गेला, की पोती, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि उचल वजा जाऊन शेतकऱ्याची पट्टी निघते, आणि ती काढायला त्यांना दहा-बारा कळा दाबाव्या लागतात. माउसला त्यांनी हातही लावला नाही. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची नवी आवृत्ती काढणार नाही, असे २००७ मध्ये सांगितले आणि २०१५ च्या जानेवारीत आधारही थांबवला, पण मामांच्या संगणकाला ते कोणी कळवलेले नाही. तो चालतोच आहे. मग मी शेतकऱ्यांच्या नावांची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहिली आणि आदल्या रात्रीची अडीच तासांची चर्चा मला एकदम फुकट वाटली.

त्या फाइलमध्ये मराठी नव्हतेच. २००१ साली युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, देवनागरी येऊन दहा वर्षे झाली होती, पण सांगलीतल्या संगणकांपर्यंत ती पोहोचली नव्हती. त्या काळच्या बहुतेकांसारखे मिरजेच्या गृहस्थांनीही एक विकतचा फाँट वापरला होता, ज्यात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो फाँट असेल तर पडद्यावर नाव दिसते. तो काढला, की उरतात निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हे. शिवाय ते तुकडे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेले असतात. 'शिर्के' हे नाव घ्या. युनिकोडमध्ये आधी श, मग त्याची वेलांटी, मग र, हलन्त, क आणि मात्रा असा उच्चाराचा क्रम असतो. जुन्या फाँटमध्ये वेलांटी श च्या आधी येते आणि रफार क च्या नंतर, सगळ्यात शेवटी. म्हणजे अक्षराला अक्षर बदलून भागत नाही, वेलांटी उचलून श च्या नंतर न्यावी लागते आणि रफार उचलून क च्या आधी आणावा लागतो. चोवीस वर्षांची हजारो नावे, गावे आणि उचलीच्या नोंदी अशा अवस्थेत आहेत. त्या बाहेर काढल्या नाहीत, तर नवा प्रोग्रॅम जावाचा असो की पायथनचा, तो पहिल्या दिवशी कोणालाच ओळखणार नाही.

मामांना मी हे समजावू लागलो, तर त्यांनी हरिपूरच्या पेवांची आठवण काढली. जमिनीखालच्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकायची, पण पेव कुठे आहे आणि किती भरले आहे, हे मालकाला ठाऊक असावे लागे, आणि २००५ च्या महापुरात पाणी शिरले तेव्हा आत काय आहे, हे ठाऊक असूनही उपयोग झाला नाही. मग ते म्हणाले, "तुमचं ते काय काय असंल ते असू द्या. शिर्के पट्टीवर नीट छापून येतील का, आणि बंद पडलं तर सांगलीतनं कोण येणार, एवढं सांगा." हा प्रश्न म्युनिकमधल्या त्या कटकट्या सहकाऱ्याचाच होता, फक्त इथे विचारणारा स्वतःच्या पैशाने विचारत होता.

कोण येणार, या प्रश्नावर माझी पंचाईत झाली, कारण मी येणार नव्हतो. आठ दिवसांनी माझे विमान होते. ज्या पोस्टग्रेसची मी वीस मिनिटे तरफदारी केली, तो रात्री रुसला तर त्याची समजूत काढायला मी साडेसहा हजार किलोमीटरवर असेन. हिंजवडीचे दोघेही शनिवार-रविवारीच येणारे. दुरून सल्ला देणाऱ्याला चुकीची किंमत मोजावी लागत नाही, हे मी गिऱ्हाइकांविषयी नेहमी म्हणत आलो आहे, आणि त्या वखारीत मी स्वतःच तो दुरून सल्ला देणारा होतो. शेवटी काम गेले यार्डापासून अर्ध्या तासावर राहणाऱ्या एका तरुणाकडे, जो चार-पाच दुकानांचे प्रोग्रॅम पीएचपी ही वेबची जुनी भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर सांभाळतो आणि फोन उचलतो. पीएचपीचे नाव आमच्यापैकी एकानेही त्या रात्री घेतले नव्हते. ते घेणे आम्हाला कमीपणाचे वाटले असावे.

नावांचे रूपांतर मित्राच्या धाकट्या भावाने अंगावर घेतले आहे आणि त्यासाठी नोड बाजूला ठेवून त्याने पायथन वापरले, याचा त्याच्या भावाला झालेला आनंद मला फोनवरूनही जाणवला. गेल्या रविवारी तो म्हणाला, "दादा, शिर्के बसले एकदाचे, पण कुऱ्हाडे अडलेत." त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, त्याच्या प्रोग्रॅमने एक तऱ्हा वापरली आहे, दिवाणजींच्या नव्या कळफलकातून दुसरी उमटते, आणि त्यामुळे यादीत डोळ्यांसमोर दिसणारे कुऱ्हाडे शोधल्यावर सापडत नाहीत. दोन्ही तऱ्हा शोधण्याआधी एकीत वळवून घे, असे मी त्याला सांगितले आहे. हळदीचे सौदे सुरू व्हायला अजून थोडा अवकाश आहे.