एका डॉलरमध्ये फक्त फाटक उघडायचं

"१९५५ साली डिस्नेलँडचं तिकीट होतं फक्त १ डॉलर. दिवसभर आत राहा, हवं त्या राइडमध्ये हवं तितक्यांदा बसा! आज त्याच तिकिटाला २०० डॉलर. ही प्रगती की लूट?" खाली हात जोडलेले इमोजी आणि 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा'. हा मजकूर सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. मी तो दोनदा वाचून सोडून दिला होता. पण आता तो मावशीकडे पोचलाय, आणि मावशी पुढच्या महिन्यात, हे डिस्नेलँड जिथे आहे त्या कॅलिफोर्नियालाच, मुलाकडे निघाली आहे. काल फोनवर म्हणाली, "अगं, मी फाटकावरच विचारणार आहे, ते जुनं तिकीट द्या म्हणून. कायद्याने द्यावंच लागतं त्यांना." हा कायदाही त्याच मजकुरात शेवटी सापडतो: 'नुसत्या प्रवेशाचं १ डॉलरचं तिकीट मागितलं तर कंपनीला नाकारता येत नाही, फक्त कोणी मागत नाही.'

असा कायदा अमेरिकेत नाही. कुठली कंपनी सत्तर वर्षांपूर्वीच्या दराला बांधील असते? आपल्याकडे एसटीच्या खिडकीवर १९५५ चं भाडं सांगून बघा. यावर आणखी लिहायची गरज पडू नये. पण मावशीचा मुलगा आता दोन नातवंडांसकट तिकीटखिडकीशी आईचा वाद ऐकत उभा राहणार असेल, तर मुळातली गोष्ट नीट सांगायलाच हवी.

तो एक डॉलर खरा आहे. मोठ्यांना १ डॉलर, मुलांना ५० सेंट. फक्त तो फाटकातून आत जायचा होता. आत गेल्यावर प्रत्येक राइडचे पैसे वेगळे. सुरुवातीच्या उन्हाळ्यात हे दर साधारण १० ते ३५ सेंट होते. आपल्या जत्रेत आकाशपाळण्याचे वेगळे आणि मौत का कुआँचे वेगळे पैसे मोजतो ना, तसंच. वर जत्रेच्या मैदानात शिरायलाही तिकीट. गाडी लावायचे २५ सेंट निराळे. आत जागोजागी छोटी तिकीटघरं होती. स्टोरीबुक लँडच्या बोटींपाशी जे छोटं दीपगृह दिसतं ना, ज्याच्यासमोर आता सगळे फोटो काढतात, ते मुळात तिकीटघरच.

म्हणजे आईवडील आणि दोन मुलं आली, तर फाटकावर ३ डॉलर. मग प्रत्येकाने सहा-सात राइड धरल्या, तर एवढाच खर्च आणखी एक-दोनदा तरी झाला. तेव्हा अमेरिकेचं किमान वेतन तासाला ७५ सेंट होतं. नुसतं आत पाऊल टाकायला माणसाला सव्वा तासाहून जास्त राबावं लागे, आणि मग पोरगं 'अजून एकदा' म्हणालं की बाप खिशात चिल्लर चाचपायचा. 'हवं तितक्यांदा बसा' हे वाक्य ज्याने लिहिलं, त्याने त्या काळचं एकही तिकीट पाहिलेलं नाही.

तिकीट पाहणं तर सोपं आहे. त्या काळची कूपनपुस्तकं संग्राहकांकडे ढिगाने आहेत आणि त्यांची छायाचित्रं कोणालाही शोधून काढता येतात. माझा सगळा युक्तिवाद एका तशा पुस्तकावर उभा आहे, आणि मला दुसरा पुरावा लागतही नाही. पुस्तकात प्रवेशाचं कूपन एक. त्यानंतर अक्षरांची कूपनं: ए, बी, सी, डी, ई. प्रत्येक कूपनावर त्या अक्षरात मोडणाऱ्या राइडची यादी, आणि वर स्पष्ट सूचना, की यातली कोणतीही एक निवडा. एक! कूपन दिलं की संपलं. सगळ्या राइड पोटात घेणारं तिकीट असतं, तर ही अक्षरं छापायची उठाठेव कोणी कशाला केली असती?

ही पुस्तकं आली ऑक्टोबर १९५५ मध्ये, म्हणजे उद्यान उघडल्यावर तीन महिन्यांच्या आत. प्रवेश आणि आठ राइड मिळून मोठ्यांना अडीच डॉलर. दर वेळी पाकीट काढायला लावतात ही लोकांची कुरकुर त्यामुळे थोडी थांबली, आणि कंपनीचाही फायदा झाला, कारण हातात कूपन आहे म्हणून माणसं कमी गर्दीच्या राइडकडेही वळू लागली. सुरुवातीला ए, बी, सी इतकंच होतं. १९५६ मध्ये डी आलं, आणि १९५९ मध्ये मॅटरहॉर्नची घसरगाडी, पाणबुडी आणि मोनोरेल उघडली तेव्हा त्यांच्यासाठी ई आलं. ए म्हणजे मेन स्ट्रीटवरची घोड्यांची ट्राम किंवा फिरता घोडेपाळणा, १० सेंटांतली मौज. ई म्हणजे ५० सेंट. पुढे पायरेट्स ऑफ द कॅरिबियन (१९६७) आणि हाँटेड मॅन्शन (१९६९) याच ई मध्ये बसले.

आता मजकुरातला दुसरा विनोद. 'ई तिकीट म्हणजे एलिट तिकीट, फक्त श्रीमंतांसाठी.' अहो, डी नंतर ई येतो. आणि ई ची कूपनं साध्या पुस्तकातही होती. मोजकी होती, एवढंच. श्रीमंत-गरीब असा त्यात काही भेद नव्हता. भेद होता तो आधी काय संपतं याचा. ई दुपारपर्यंत उडायची आणि ए, बी शिल्लक राहायची. ती घरी जायची, टेबलाच्या खणात पडायची. अमेरिकेतल्या कितीतरी घरांत ती अशीच सापडली, आणि म्हणून तर आज ढिगाने पाहायला मिळतात. 'लोक ई तिकिटाचा तिरस्कार करत' हेही खोटं. १९८३ मध्ये सॅली राइड अंतराळात जाणारी पहिली अमेरिकन महिला ठरली, तेव्हा तिने उड्डाणाचं वर्णन करताना ई तिकिटाचीच उपमा दिली. कूपनं त्याच्या आदल्याच वर्षी बंद झाली होती.

ती बंद झाली जून १९८२ मध्ये. मजकूर म्हणतो, 'तेव्हापासून लूट सुरू झाली.' उलट, नेहमीच्या पाहुण्याला रोजच्या दिवशी एकदाच पैसे देऊन मनसोक्त बसता येऊ लागलं ते त्याच सुमारास. १२ डॉलरचा 'पासपोर्ट', आत सगळं खुलं. ही कल्पनाही डिस्नेची नव्हे. टेक्सासमधलं सिक्स फ्लॅग्ज हे उद्यान १९६१ पासून एकाच तिकिटात सगळं देत होतं, पावणेतीन डॉलरमध्ये. लॉस एंजेलिसजवळचं मॅजिक माउंटन १९७१ पासून ५ डॉलरमध्ये. डिस्नेलाच उशिरा जाग आली. म्हणजे 'एकदा पैसे भरा, दिवसभर बसा' हे ज्या सुवर्णकाळाचं म्हणून सांगितलं जातंय, ते त्या काळात डिस्नेलँड सोडून इतरत्र होतं.

'पूर्वी रांगा नव्हत्या.' उद्घाटनाच्या दिवशी, १७ जुलै १९५५ ला, बनावट आमंत्रणपत्रिका घेऊन इतके लोक घुसले की खाणंपिणंसुद्धा पुरलं नाही. पुढे.

'वॉल्ट डिस्नेला प्रवेश फुकट ठेवायचा होता, बँकांनी अडवलं.' यात दोन उद्यानांची सरमिसळ झालेली दिसते. फुकट प्रवेश होता तो शेजारच्या ब्युएना पार्कमधल्या नॉट्स बेरी फार्मला. तिथे १९६८ पर्यंत कोणीही यावं, चिकन खावं, हिंडावं, हव्या त्या राइडपुरते पैसे द्यावेत, अशी रीत होती. मग कुंपण घातलं आणि २५ सेंट प्रवेश लावला. डिस्नेलँडला कुंपण आणि फाटकावरचं तिकीट पहिल्या दिवसापासून आहे.

आता, मनात नसताना, दोन गोष्टी मान्य करते. आत काही गोष्टी खरोखर फुकट होत्या, कारण त्यांचा खर्च कंपन्या उचलत. जनरल इलेक्ट्रिकचं 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' बघायला कूपन लागत नसे, मोन्सँटोच्या रसायनांच्या दालनालाही नाही. जाहिरात होती ती, पण गार हवेत बसायला मिळायचं.

दुसरी गोष्ट मावशीच्या बाजूची आहे, म्हणून जास्त टोचते. कूपनांच्या काळात नुसता प्रवेश वेगळा मिळायचा. ज्या आजीला राइडमध्ये बसायचंच नाही, तिने फाटकाचे पैसे द्यावेत, बाकावर टेकावं, परेड बघावी. १९८२ नंतर ही सोय गेली. आज बाकावर बसणारी आजी आणि सहा वेळा मॅटरहॉर्नवरून उतरणारा नातू जवळजवळ सारखेच पैसे भरतात. दहा वर्षांचं पोर तिथे मोठ्यांत धरतात, ज्येष्ठांना दारावर वेगळी सवलत नाही. मावशीला नुसतंच हिंडायचं असेल तर शेजारच्या डाउनटाउन डिस्नेला, म्हणजे दुकानं आणि खाणावळींच्या भागाला, तिकीट लागत नाही, तिथे जावं. खिडकीवर भांडू नये.

आणि दर? १९५५ चा १ डॉलर म्हणजे आजचे ११-१२ डॉलर. तेव्हाचं अडीच डॉलरचं आठ राइडचं पुस्तक आजच्या हिशोबाने तीसेक डॉलरचं. आजचं मोठ्यांचं सर्वांत स्वस्त एका दिवसाचं तिकीट १०४ डॉलर आहे आणि गर्दीच्या दिवशी ते दोनशेच्या पुढे जातं. म्हणजे महागलंय, चांगलंच महागलंय, पण मजकुरातली 'दोनशेपट' म्हणजे निव्वळ बनवाबनवी. शिवाय २०२१ पासून रांग टाळायचे वेगळे पैसे पडतात. 'लायटनिंग लेन' घ्या, आणि सगळ्यांत मागणी असलेल्या एखाद्या राइडसाठी त्या एकट्या राइडचे निराळे मोजा. प्रत्येक राइडमागे पाकीट काढायची १९५५ ची रीत अशी मागच्या दाराने परत आली आहे, आणि या वेळी १०४ डॉलर आधी भरून. मजकूर लिहिणाऱ्याला चिडायचंच होतं तर याच्यावर चिडायला हरकत नव्हती. त्यासाठी खोटा भूतकाळ रचावा लागला नसता.